गजभियेंची पाटी

गजभिये कुणाच्या घरी गेले की आधी दिवा बंद करायचे, मग नमस्कार करायचे.

बेल वाजवायचे, दार उघडलं की आत हात घालून बटण दाबायचे आणि अंधारात उभे राहून म्हणायचे, "नमस्कार साहेब. दोन मिनिटं गॅलरीत या. शुक्र असा लागला आहे का जसा आत्ताच कोणी नवा बल्ब लावला."

माझी बायको शालिनी दिवा पुन्हा लावायची आणि म्हणायची, "भाऊजी, पोळी तव्यावर आहे माझी."

"पोळी रोजचीच आहे वहिनी," म्हणून ते पुन्हा बंद करायचे.

गंमत अशी की हा माणूस निवृत्त लाइनमन होता. काटोल आणि उमरेडकडच्या गावांमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरात उजेड पोचवला होता. पावसात, वादळात, खांबावर चढून. आणि निवृत्त झाल्यावर नागपूरच्या कडेच्या बेस्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहायला आले, ते दिवे बंद करत फिरायला लागले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मीच लावून ठेवले होते साहेब. आता मलेच निस्तरणं आहे."

मी या इमारतीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. त्याआधी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. लोकांच्या जन्मतारखा, नावाचे अपभ्रंश, चुकलेले शेरे दुरुस्त करण्यात नोकरी गेली. माझ्या हातून चुकीची नोंद जात नाही असं लोक म्हणायचे आणि मीही म्हणायचो. एक नोंद गेली. ती चुकून गेली नव्हती, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गजभियेंकडे आकाशाची जी माहिती होती ती सगळी विजेच्या खात्याची होती. मृगाच्या पोटातल्या ओळीने असलेल्या तीन चांदण्यांना ते थ्री फेज म्हणत. ध्रुव म्हणजे अर्थिंग, कारण बाकी सगळं फिरतं आणि हा एकटा जमिनीत गाडल्यासारखा जागेवर असतो. कृत्तिका म्हणजे लग्नाच्या मांडवातला लूज कनेक्शनवालं झुंबर. चंद्राचा त्यांना राग होता. "हा साहेब ओव्हरलोड आहे. हा आला का बाकीच्यांचं व्होल्टेज पडते." मात्र बुद्धपौर्णिमेला स्वतः रांधलेली खीर घेऊन ते सगळ्या मजल्यांवर फिरायचे. मी म्हणालो, "का हो, आज चंद्राचा राग नाही?" तर म्हणाले, "धर्म आपल्या जागी, लोड आपल्या जागी."

त्यांच्याकडे एक जुनी दुर्बीण होती, एक सतरंजी होती आणि एक पाटी होती. या पाटीविषयी नीट सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे.

लाइनमन खांबावर चढतो तेव्हा खाली सप्लाय बंद करतो आणि त्या बटणावर पाटी लावतो. काम चालू आहे, हात लावू नये. म्हणजे वर माणूस आहे. चुकून कुणी बटण दाबलं तर तो माणूस खाली येतो, पण उतरून नाही. म्हणून ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्या कुणी नाही, साहेबाने सांगितलं तरी नाही. गजभियेंनी निवृत्तीच्या दिवशी आपली पाटी सोबत आणली होती. लाल रंगाची, पत्र्याची, कडा झिजलेली. खाली रिकामी जागा, तिथे खडूने नावं लिहायची. "जेवढी माणसं लाइनवर, तेवढी नावं. उतरला का आपलं नाव आपण पुसायचं. शेवटचं नाव पुसल्याशिवाय सप्लाय चालू करायचा नाही." हे ते इतक्या वेळा सांगत की आमच्या इमारतीतली शेंबडी पोरंही ते म्हणून दाखवत.

गच्चीचा आणि गच्चीच्या जिन्याचा दिवा तेव्हा एकाच बटणावर होता. ते बटण तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराबाहेर. रोज संध्याकाळी साडेसातला गजभिये तळमजल्यावरून येत, दिवा बंद करत, बटणावर पाटी अडकवत, खडूने नाव लिहीत आणि शेजारच्या खिळ्यावर लाल कागद लावलेला टॉर्च टांगत. कुणाला वर यायचं असेल तर टॉर्च घेऊन यावं. तासाभराने उतरत, नाव पुसत, पाटी खिळ्यावर परत, दिवा चालू. पाच-सहा वर्षांत यात एका दिवसाचा फरक नाही.

पाटीवर नावं मात्र दोन असत. गजभिये आणि खाली सुमन. उतरल्यावर दोन्ही तेच पुसत.

मी एकदा विचारलं. सुमन त्यांची बायको. हा फ्लॅट घ्यायच्या आधीच्या वर्षी गेल्या होत्या.

"एकटा माणूस लाइनवर चढत नाही साहेब," ते म्हणाले. "नियम आहे. खाली जोडीदार लागते. मले खेड्यात जोडीदार द्यायले खात्याकडे माणूसच नोता. मग हेच यायची, सुमन. मी पोलवर, आणि हे खाली डीपीच्या पेटीपाशी, पोत्यावर बसून, पाटीकडे पाहत. गावातली पोट्टी यायची, काकू लाइन चालू करा ना, मॅच आहे. म्हणे, माझा माणूस वर आहे, तुझी मॅच ठेव घरी."

खात्याकडून सामान यायची वाट पाहताना दोघं बोलत बसत. खांबावरून खाली, खालून खांबावर. सारं गाव अंधारात, वर आकाश भरलेलं. सुमनताईंना आकाशातली म्हातारीची बाज माहीत होती, आणि ती बाज पळवायला टपलेले तीन चोर. म्हणजे आपले सप्तर्षी. गजभियेंना तोवर काहीच माहीत नव्हतं. "ते खालून सांगायची आणि मी वरून पाहायचो," ते म्हणाले. "मी जवळ होतो ना."

मी पहिल्यांदा गच्चीवर गेलो तो त्यांना दम द्यायला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती की जिन्यात अंधार असतो. मी टॉर्च न घेता तरातरा चढलो आणि म्हणालो, "गजभिये, हे असं चालणार नाही."

"हाव साहेब. पहिले लेटा."

"काय?"

"सतरंजीवर लेटा. उभ्यानं भांडण होते, लेटून नाही होत. करून पाहा."

मी का आडवा झालो ते मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले, डोळ्यांना वीस मिनिटं द्या. मी पाच मिनिटं पार्किंगचं भांडण सांगितलं. कोण कुणाच्या जागेत गाडी लावतो, कोण मला काय बोललं, मी कशी नोटीस काढणार आहे. ते ऐकत होते. मग बोट वर केलं. "तो तांबूस दिसून राहिला ना, थ्री फेजच्या बाजूले? त्याचा उजेड निघाला तवा तुमचं पार्किंग तर सोडाच, नागपूरच नोतं. त्याले इथं यायले इतका वेळ लागला. तुमची नोटीस चार दिवस उशिरा निघाली तर काय बिघडते?"

नोटीस मी काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि मग रोज. माझा मुलगा बंगलोरला असतो, त्याचा फोन रविवारी येतो आणि न आलेल्या रविवारी मी फोनभोवती घुटमळत राहायचो. ते गच्चीवर कमी झालं. शालिनी हसायची, म्हणायची, "दोन म्हातारे आकाशाले टेकू देऊन राहिले." पण रविवारी पातोडीची भाजी केली की स्टीलच्या डब्यात भरून तळमजल्यावर पहिला वाटा जायचा. डबा परत यायचा तो घासून, आत दोन लवंगा ठेवून. रिकामा डबा परत करू नये, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि घरात लवंगाच असायच्या.

मी गेलो की पाटीवर तिसरं नाव यायचं. वैरागडे. ते मी स्वतः लिहायचं आणि स्वतः पुसायचं.

ती फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. दक्षिणेला, बुटीबोरीच्या कारखान्यांच्या उजेडाच्या किंचित वर, अगस्त्याचा तारा दिसतो त्या दिवसांत. गजभिये त्याच्यासाठी वर्षभर थांबायचे. त्या दिवशी ते दुर्बिणीचा पट्टा शिवून आणायला इतवारीच्या बाजारात गेले होते आणि गर्दीत अडकले. साडेसात झाले, आले नाहीत. मला राहवेना. आज आपण आधी शोधू आणि त्यांना दाखवू, असा पोरकट विचार आला. दार ओढून बाहेर आलो, दिवा बंद केला. पाटी खिळ्यावर होती, टॉर्चही. खडू खाली पडला होता, तो वाकून शोधायचा मला कंटाळा आला. येतीलच आता गजभिये, ते लावतील, असं म्हणून मी वर गेलो.

गच्चीवर शालिनीच्या कुरडया वाळत होत्या. दव पडायच्या आत त्या आणायला ती निघाली. एका हातात परात, दुसऱ्या हातात कानाला फोन, फोनवर अमरावतीची बहीण. जिना अंधारा दिसला. बटणावर पाटी नाही, म्हणजे दिवा उडाला असेल, असं तिला वाटलं. पाटी असती तर तिने तिथूनच हाक मारली असती, रोज मारायची.

मी सतरंजीवर पडलो होतो. अगस्त्य सापडला होता. तेवढ्यात परातीचा आवाज आला. ती परात तीन मजले वाजत खाली गेली. खाली गजभिये नुकतेच फाटकातून आत येत होते, ती त्यांच्या पायाशी जाऊन थांबली.

मी वरून तिच्याजवळ पोचलो आणि पाठोपाठ ते खालून. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. रोज दिवा बंद करणारे गजभियेच, म्हणून त्यांच्याकडे पाहून ती कण्हत म्हणाली, "लाइट बंद करून खाली फिरायले गेला हा माणूस. पाटीही नाही लावली."

गजभियेंनी बटणाकडे पाहिलं. खिळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी शालिनीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्याकडेच पाहत राहिलो.

"ॲम्ब्युलन्स बोलावतो," ते म्हणाले आणि दिवा चालू करून खाली गेले.

दहा दिवसांनी मिटिंग झाली. मी सेक्रेटरी, नोंद मीच लिहीत होतो. लोक बरेच दिवसांपासून तयारच होते. दिवे बंद करतो, दुर्बिणीतून काय पाहतो कोण जाणे, असंही एक जण बोलला. माझ्याकडे तेव्हाही वेळ होता. रुग्णालयात शालिनी मला म्हणाली होती, "त्याले मी आयुष्यात माफ नाही करणार," आणि ते वाक्य माझ्यावर वळलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गजभिये उभे राहिले. त्यांनी एकच विचारलं, "बटणावर पाटी होती काय?"

"नव्हती. तेच तर सगळे म्हणून राहिले," अध्यक्ष म्हणाले.

"पाटी नोती, तर मी नोतो," ते म्हणाले आणि बसले.

दोन-तीन लोक हसले. मला ते वाक्य पुरतं कळलं होतं. त्या खोलीत ते कळणारा मी एकटाच होतो. पस्तीस वर्षं ज्याने पाटीशिवाय तारेला हात लावला नाही, त्या माणसावर पाटी न लावल्याचा ठपका येत होता. मी लिहिलं: 'श्री. गजभिये यांनी असमाधानकारक उत्तर दिले. सदर अपघात त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाला असून गच्चीचा वापर त्यांना बंद करण्यात येत आहे.' अक्षर माझं चांगलं आहे. आजही स्वच्छ वाचता येतं.

पुढच्याच आठवड्यात गजभियेंनी स्वतः शिडी लावून जिन्याचा दिवा आणि गच्चीचा दिवा वेगवेगळ्या बटणांवर करून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. काम झाल्यावर मला म्हणाले, "आता गच्ची बंद केली तरी जिना चालू राहील साहेब. वहिनीले सांगा." आणि शिडी उचलून गेले. पाटी आणि टॉर्च त्याच दिवशी खिळ्यावरून गेले.

मग ते आपल्या मागच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायला लागले. तळमजल्याच्या गॅलरीतून पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीची पाठ आणि मधे हातभर आकाश दिसतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सिंगल फेज आहे. चालते." आता ते कुणाच्या घरी जाऊन दिवे बंद करत नव्हते. इमारतीला बरं वाटलं. मला रात्री झोप येईनाशी झाली.

शालिनी काठी घेऊन चालायला लागली. तळमजल्यावर डबा जाणं थांबलं. एक डबा त्यांच्याकडे राहिला होता, तो त्यांनी घासून, लवंगा घालून आणून दिला. तिने दार उघडलं, डबा घेतला नाही, दार लावलं. ते डबा दारात ठेवून गेले. मी तो उचलून आत ठेवला आणि तेव्हाही काही बोललो नाही. तीन वर्षं रोज मी ठरवायचो, उद्या सांगू. तिची शुगर वाढली, मग किडनी, आणि मग सांगण्यासारखी वेळ राहिली नाही. घाटावर गजभिये सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांनी हात जोडले आणि कुणाला न भेटता निघून गेले. ती गेली ती त्यांच्यावरचा राग घेऊन गेली. तो राग माझा होता.

त्यानंतरचं वर्ष मी घरात एकटा होतो. मुलगा म्हणाला, बंगलोरला या. मी म्हणालो, एक काम राहिलं आहे.

या जानेवारीत सोसायटीची वार्षिक सभा झाली. आता सेक्रेटरी मानकरबाई आहेत, बँकेत नोकरीला, वेळेच्या पक्क्या. सगळे विषय संपत आले तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो की मला एका जुन्या नोंदीत दुरुस्ती करायची आहे. त्या संध्याकाळी दिवा मी बंद केला. पाटी मी लावली नाही. गजभिये तेव्हा इमारतीत नव्हते. मला हे पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

मानकरबाई वही चाळत म्हणाल्या, "काका, इतकं जुनं आता काहून काढून राहिले? आणि दुरुस्ती करायची तर रीतसर ठराव लागते. सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?"

मी खोलीभर पाहिलं. माणसं आपापल्या मोबाइलकडे पाहत होती. मग मागच्या खुर्चीवरून एक हात वर झाला.

"अनुमोदन," गजभिये म्हणाले. "आता लिफ्टचा विषय घ्या. माझे गुडघे गेले."

मी त्यांच्याकडे जायला निघेपर्यंत ते निघून गेले होते. मी घरी आलो. चहा केला, प्यायलो नाही. साडेसातला जिन्यात पावलांचा आवाज आला, फार सावकाश, मजल्या-मजल्यावर थांबत. माझ्या दाराबाहेर बटण दाबल्याचा आवाज झाला. पावलं वर गेली.

मी दार उघडलं. जिन्यात दिवा होता. गच्चीच्या बटणावर पाटी लावलेली होती, तीच लाल, कडा झिजलेली. खिळ्यावर टॉर्च. पाटीवर खडूने नावं लिहिली होती. गजभिये. सुमन. खाली वैरागडे. हे एकदाच त्यांनी माझ्यासाठी लिहिलं होतं. आणि त्याच्याखाली आणखी एक नाव होतं.

वहिनी.

मी खिळ्यावरचा टॉर्च घेतला. मग वर गेलो आणि सतरंजीवर त्यांच्या शेजारी आडवा झालो. डोळ्यांना वीस मिनिटं दिली. नंतर मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं."

"पाटी खिळ्यावर होती साहेब. लाइनमनले दिसणार नाही काय?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

ते दुर्बीण पुसत म्हणाले, "वहिनीले सहा महिने तुमच्या हातानं उठणं-बसणं होतं. तुमच्यावर राग धरून कसं जमलं असतं? मी काय, तळमजल्यावर राहतो." मग दुर्बीण माझ्या हातात दिली. "अगस्त्य पाहा. बुटीबोरीचा उजेड लय वाढला आहे, पण हाय अजून जागेवर."

मी डोळ्याला लावली. डोळे भरून आले होते, त्यामुळे मला दोन-तीन अगस्त्य दिसले. तसं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "लूज कनेक्शन आहे. होईल ठीक."

तासाभराने आम्ही उतरलो. त्यांनी आपलं नाव पुसलं, मी माझं. पाटीवर दोन नावं राहिली. सुमनताईंचं एरवी तेच पुसायचे, आज त्यांनी पुसलं नाही. मी बटणाकडे हात नेला तर ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मी हात मागे घेतला.

ते एक-एक पायरी करत खाली गेले. गच्चीचा दिवा त्या रात्री बंदच होता. सकाळी मानकरबाईंचा ग्रुपवर मेसेज आला, गच्चीची लाइट कोणी चालू केली नाही? मी उत्तर दिलं, मी जबाबदार आहे, आणि पाटी कुणी काढू नये.